उजवा कौल

"उजवां फूल पडलां तर होय, डावां पडलां तर नको." गावच्या देवळातून काका व्हिडिओ कॉलवर सांगत होते. कौल लावण्यासाठी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवलं होतं. प्रश्न सुषमाचा होता: चौदा वर्षांच्या, खाणं सोडलेल्या बंड्याला इंजेक्शन देऊन सोडवावं का? डॉक्टरांनी निर्णय तिच्यावरच टाकला होता.

"देवाला कुत्र्याचं विचारतेस?" नवरा हसला. "त्यापेक्षा मोबाइललाच विचार की."

स्क्रीनवर उजवीकडचं फूल निसटलं. तेवढ्यात रेंज गेली. सुषमाने डोळे पुसले आणि बंड्याला दवाखान्यात नेलं.

परतताना गाडीतच काकांचा फोन आला. "कितीदा फोन लावलंय तुका! डावो कौल पडलो. देवान राखल्यान गो तुझ्या कुत्र्याक!"

"डावा? काका, मी उजवं फूल पडताना पाहिलं."

"उजवो-डावो देवाचो बघतत, बाय. बघणाऱ्याचो नाय."

मागच्या सीटवर बंड्या होता, चादरीत गुंडाळलेला. नवऱ्याने गाडी कडेला घेतली.

"काकांना सांग," तो म्हणाला, "परत कौल लावा म्हणावं."