कोपऱ्यातलं हवामान

"आई, त्या व्हीपीएनमुळे टीव्ही सारखा अडकतोय. बंदच करते ते," म्हणत लेकीनं रिमोट उचलला. व्हीपीएन दादानं बसवून दिलं होतं. त्यामुळे मिरजेतला हा टीव्ही स्वतःला कॅनडातला समजायचा आणि दादा तिकडे बघायचा तेच सिनेमे आईबाबांना इथे दिसायचे. कालच दादाचं वर्षश्राद्ध झालं होतं.

"राहू दे गं," आई एवढंच म्हणाली.

"अगं, पण आता कशाला?"

आईनं टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्याच्या कोपऱ्यात दादाच्या गावचं हवामान दिसत होतं : उणे सात, बर्फ पडतोय. इथे खिडकीबाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. बाबांनी मानेवरचा घाम पुसला, चष्मा सावरून तो कोपरा नीट वाचला. मग ते उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.

"बाबा, अहो, जीव उकडून निघतोय इथे!"

"असू दे. त्याला थंडी सोसत नाही."

लेक बघतच राहिली. मग तिनं रिमोट हलकेच खाली ठेवला, उठली आणि खिडकीही लावून घेतली.