नादाची पारख
"सूर्यप्रकाश तपासून काढलेला आकडाच सगळे मानतात. सूर्याच्या कंपनांवरून काढलेला तुझा आकडा वगळ, नाहीतर प्रबंध अडकेल," सरांनी फोनवर बजावलं. सूर्यात ऑक्सिजन किती, लोखंड किती, हे शोधण्यात तिची सहा वर्षं गेली होती. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, भांड्यांच्या दुकानात लॅपटॉप उघडून ती आता तो आकडा खोडणारच होती.

तेवढ्यात गिऱ्हाइकानं गल्ल्यावर पिवळीधमक वाटी ठेवली. "अस्सल कासं आहे, अण्णा. रंग तर बघा!"

अण्णांनी डोळे मिटले, वाटी बोटांवर तोलली आणि टिचकी मारली.

टक्.

"पितळ. कासं असतं तर घुमलं असतं. रंग वरवरचा असतो राव, आवाज आतनं येतो."

तिचं बोट थबकलं. तिनं सरांना फोन लावला.

"आकडा राहील, सर. सूर्य वाजवून पाहिलाय मी."