दिवाणाचा खुनी
मुलुंडच्या वाचनालयात अंबादास कपाटं उपसून मेटाकुटीला आला होता. आंधळे शिवदासकाका बायको वारल्यापासून रोज विचारत, "ती रहस्यकथा मिळाली का रे? पानिपत आपण जिंकलंय, दिल्लीत पेशवे बसलेत अन् त्यांच्या दिवाणाचा खून झालाय! हिनं वाचून दाखवली, शेवट तेवढा राहिला. नाव आठवत नाही." आज ते पुस्तकच घेऊन आले. "हिच्या उशीखाली सापडलं. खुनी कोण, एवढं सांग बाबा." अंबादासनं उघडलं. शिक्का वाचनालयाचाच होता, आत स्वेटरचे नमुने. उजव्या बाहीपाशी खुणेला लोकरीचा धागा. "हेच ना?" "हेच, काका." तो दमून स्टुलावर टेकला आणि बाहीवर बोट ठेवून वाचू लागला. संशयित दरबारात जमले, हेरानं मिशीला पीळ दिला... "थांबलास का रे?" "उरलेलं उद्या, काका." दिवाणाला कुणी मारलं, ते अंबादासला उद्यापर्यंत शोधायचं होतं.