पहारा

श्वास थांबला. आई खुर्चीतून ताडकन उठली आणि पलंगावर ओणवी झाली.

बबडी गाढ झोपली होती. तोंड मिटलेलं, श्वास नाकाने चाललेला. तिच्या बोटाला लावलेल्या चिमट्याची लांब वायर उशाशी असलेल्या यंत्रात गेली होती, आणि यंत्रावर अठ्ठ्याण्णवचा आकडा ठाण मांडून बसला होता. खिडकीतून दुपारचं ऊन चादरीवर आलं होतं. आईला मात्र घाम फुटला होता आणि छाती धडधडत होती.

बबडीचे टॉन्सिल कालच काढले होते. ते इतके वाढले होते की झोपेत पोरीचा श्वास अडायचा. घोरता घोरता ती मध्येच गप्प व्हायची. मग आई दचकून उठायची आणि तिला गदागदा हलवायची. घरातले हसायचे, म्हणायचे, हिचे कान झोपेतही उघडे असतात. हसेनात का. श्वास थांबला की आईला जाग येणारच, यात कधी खंड पडला नव्हता.

आणि आज जेवणानंतर ती तिसऱ्यांदा दचकून उठली होती. तिने सिस्टरला बोलावलं.

"थांबला होता. मी झोपेतसुद्धा ओळखते."

सिस्टरने यंत्राचं बटण दाबून मागचे आकडे पाहिले. "ऑक्सिजन कुठेच खाली आलेला नाही, ताई. ऑपरेशन छान झालंय. तुम्हाला स्वप्न पडलं असेल."

"इतकी वर्षं एकच स्वप्न पडतं का कुणाला?"

बोलण्याने बबडीला जाग आली. ती टुकूटुकू बघायला लागली. तिने तोंड उघडताच सिस्टरने बोट नाचवलं. "तू बोलायचं नाहीस हं. घसा अजून ओला आहे." जाता जाता ती आईला म्हणाली, "जरा पडा तुम्ही. डोळे बघा कसे झालेत."

पडते कसली. आईला त्या यंत्राचाच राग आला होता. ते खोटं बोलत होतं. इतकं करून, पोरीचा घसा कापून, ते थांबणं तसंच राहिलं असेल तर? मग पुढे काय कापायचं होतं? तिला भीती वाटत होती, आणि ती सांगायची कुणाला हे कळत नव्हतं. तिने खुर्ची पलंगाला भिडवली, पोरीचा हात हातात घेतला आणि ठरवलं, आता डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही.

लागला.

यंत्र कर्कश वाजत होतं. आई उठली ती तोंड वासून, हवेचा मोठा घोट घेतच. तिने आधी आकडा पाहिला. अडुसष्ट. तिला वाटत होतं ते खरं झालं होतं. ती पलंगावर झेपावली.

बबडी उठून बसली होती. टक्क जागी. गालांवर पाणी ओघळत होतं, हुंदक्यांनी खांदे हलत होते. तिचा श्वास छान चालला होता.

सिस्टर धावत आली. तिने आकडा पाहिला, मग पोरीकडे पाहिलं. मग ती वायरवरून बोट फिरवत निघाली. वायर पलंगाच्या कठड्यावरून खाली, खुर्चीकडे आली होती. चिमटा आईच्या बोटाला होता. आई धापा टाकत होती, आणि एकेका धापेबरोबर आकडा वर चढत होता.

"हा इथे कुणी लावला?"

बबडीने हात वर केला.

सिस्टरने यंत्राचा आवाज बंद केला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मी डॉक्टरांना घेऊन येते. ताई, तोवर झोपू नका."

ती गेली. बबडी कठड्यावरून वाकली. तिने आईचा पदर ओढून तिचं डोकं जवळ घेतलं आणि कानाशी, चरचरत्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"मी किती हलवलं तुला. हाकासुद्धा मारत होते. आवाजच निघत नव्हता गं."