सात नंबर

"सात नंबर," बाईंनी दारातून हाक मारली.

बाकावर कुणीच नव्हतं. सहावा मुलगा नुकताच आपली काळी पेटी कवटाळत वर्गाकडे गेला होता.

व्हायोलिनच्या बाई बाहेरून यायच्या, फक्त गुरुवारी. खेळाच्या सामानाच्या खोलीत, गाद्या आणि जाळ्यांच्या मधे दोन खुर्च्या टाकून एकेकाला वीस मिनिटं शिकवायच्या. त्यांच्याकडे चार शाळा होत्या. इतकी नावं कुठवर लक्षात ठेवणार, म्हणून त्या यादीतल्या नंबरानं बोलवायच्या. आज सुट्टीनंतरचा पहिलाच गुरुवार होता.

एक मुलगी नळापाशी उभी होती. फळ्याचं फडकं ओलं करायला म्हणून आली होती आणि पहिल्या नंबरापासून ओलंच करत होती. सुट्टीआधी व्हायोलिनला मुलं निवडायला शाळेनं चिठ्ठ्या टाकल्या, त्यात तिची निघाली नव्हती. ती इतकी रडली की किती चिठ्ठ्या निघाल्या हेही तिनं मोजलं नाही.

"सात नंबर." आता आवाज उतरला होता. तिसऱ्यांदा तर बाई यादीकडे बघत स्वतःशीच पुटपुटल्या.

"हजर," ती म्हणाली.

तोंडातून कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही. बाईंच्या हातातली पेन्सिल खाली पडली. त्या तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आता पकडणार!

"ये," बाई शेवटी म्हणाल्या. "फडकं बाहेर ठेव."

काळ्या पेट्या शाळेच्या होत्या, त्यांवर पांढऱ्या रंगात आकडे घातलेले. सातवी पेटी मात्र मरून रंगाची होती. ती पेटी बाई आपल्या गाडीतून आणत आणि परत नेत. तिच्या ते पथ्यावरच पडलं. घरी पेटी न्यावी लागली असती, तर आईनं पहिला प्रश्न विचारला असता. आतल्या व्हायोलिनला निळ्या कापडाची, हातानं शिवलेली उशी होती. बोटं कुठे ठेवायची तिथे चांदण्या चिकटवल्या होत्या. दोन चांदण्या झिजून पांढऱ्या पडल्या होत्या.

स्वर लिहायला बाईंनी पेन्सिल तिच्या डाव्या हातात दिली. मग काढून उजव्या हातात दिली.

पहिला लांब स्वर आला तो चौथ्या गुरुवारी. तो हनुवटीतून दातांत गेला, दातांतून डोक्यात. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात गजाला चोळलेल्या राळेची पूड धुरासारखी तरंगत होती. गाद्या, जाळ्या, हवा गेलेले फुटबॉल, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं मंद हलायला लागलं. घंटा झाली तीसुद्धा कुठेतरी खूप वर, पाण्याच्या पृष्ठभागावर झाल्यासारखी.

"थांबू नकोस," बाई डोळे मिटून म्हणाल्या.

घरी ती फूटपट्टी खांद्याला लावायची आणि लाकडी चमच्यानं सराव करायची.

"काय गं, करवत चालवतेस का?" आजीनं विचारलं.

"गणित करतेय."

"वा! डोळे मिटून? तुझ्या बापालाही असंच यायचं गणित."

एकच भीती होती. खरी सात नंबर. ती आजारी असणार हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. खिडकीजवळची खाट, उशाशी औषधाच्या बाटल्या. एक दिवस ती बरी होईल, दारात उभी राहील आणि म्हणेल, ते माझं आहे. म्हणून दर गुरुवारी सकाळी दात घासताना ती मनात म्हणायची, अजून एक आठवडा बरी होऊ नकोस. मग तोंड धुताना तिला आरशात बघवायचं नाही.

वर्ष सरलं. व्हायोलिनच्या कार्यक्रमाच्या दिवशी मुख्याध्यापक एकेकाचं नाव वाचून मंचावर बोलावणार, आईवडील समोर बसणार, असं वर्गात सांगितलं गेलं. आता सगळ्यांसमोर शोभा होणार. शेवटच्या गुरुवारी तिनं व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि पेटी बाईंकडे सरकवली.

"बाई, मी सात नंबर नाही."

बाई गजाचा स्क्रू सैल करत होत्या. "हं. ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"फडकं घेऊन आलीस तेव्हापासून."

तिचा बांध फुटला. "मी रोज... म्हणजे दर गुरुवारी म्हणायचे, तिनं बरं होऊ नये. माझ्यामुळेच ती आजारी राहिली. आता तिचं तिला देऊन टाका."

गज बाईंच्या हातात तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "ती येणार नाही गं बाळा. आणि ते तुझ्यामुळे नाही. तू आलीस त्याच्या आधीचं आहे ते."

"मग त्या दिवशी तुम्ही तिला हाक का मारलीत?"

"सहा झाले, की सात आलंच तोंडात." बाईंनी गज पेटीत ठेवला. "कार्यक्रमाची काळजी करू नकोस. सरांच्या यादीत तुझं नाव घातलंय मी. ही पेटी आज घरी ने. आणि आजीला सांग, करवत बंद."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तूच नाही का सांगितलंस, डोळे मिटून करायच्या गणिताचं?" बाई हसल्या आणि गादी सरळ करायला वळल्या. "तेवढी खुर्चीवरची यादी आण."

यादी नेहमी बाईंच्या मांडीवर असायची. तिनं ती कधी जवळून पाहिली नव्हती. कागद घडीवर फाटायला आला होता. वर सहा नावं छापलेली होती. सहाच. सहाव्याच्या खाली शाळेचा शिक्का होता. शिक्क्याच्या खाली पेन्सिलीनं, मोठ्या गोल अक्षरांत, डाव्या हातानं लिहिताना पुसटतं तसं पुसटलेलं, कुणीतरी लिहिलं होतं:

७. आई, मी पण.