गोठ्यातला इंटरकॉम
गोठ्यातला इंटरकॉम कानाला लावला आणि करंट लागून द्वारकाबाईंचे यजमान जागीच गेले. इंटरकॉमची वायर लाइटच्या वायरीपासून चांगली हातभर लांबून नेली होती, असं फिटिंग करणाऱ्या शाकीरनं पंचनाम्यात छातीठोक सांगितलं.

तेरावं झाल्यावर तो आपणहून, फुकटात, नवी वायर टाकायला आला. मेनचा फ्यूज काढून खिशात घातला आणि जुनी वायर भिंतीतून सगळीच्या सगळी ओढून काढली. तिचं वेटोळं अजून हातातच होतं, तोच घरातला इंटरकॉम वाजला. द्वारकाबाईंनी उचलून ऐकला, खाली ठेवला.

"कोण व्हतं, मावशी?"

"मालकच व्हते. म्हणले, शाकीरला सांग, दोनी वायरी एकाच पायपातून ओढल्याचं मी अजून कोणालाच बोललो न्हाई."