जीपची खोड

"खोड काय हाय का हिच्यात?" दिंद्रुडच्या आप्पारावांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवून विचारलं. प्रश्न बजरंगला नव्हता, त्याच्या बापाला होता. म्हाळूआबांनी जन्मभर मेंढ्या विकल्या, त्या खोड सांगून. लंगडी असेल तर लंगडी, मारकी असेल तर मारकी. त्यांच्या शब्दावर लोक डोळे झाकून जनावर नेत.

"गाडी पोराची हाय. पोराला इचारा," आबा म्हणाले. सकाळपासून ते एवढंच बोलले होते.

"काय बी न्हाई," बजरंग म्हणाला. "लई झ्याक पळती."

ही जीप त्यानं मेंढी घ्यावी तशी घेतली होती. रंग बघितला, टायर दाबले, आवाज ऐकला आणि गडी भाळला. पोटातली दुखणी हिनं घरी आल्यावर दाखवली. आधी क्लच गेला, मग रेडिएटर, मग गिअर. दर वेळी मेंढ्या बाजारात जायच्या आणि जीप गॅरेजातून यायची. मेंढरांचा वाडगा रिकामा होत आला, आणि आता ब्रेक गेला. "उताराला घालू नको बे, मरशील," हनुमान मेकॅनिकनं बजावलं होतं. तेवढ्यात हे गिऱ्हाईक आलं. राहिलेली मेंढरं वाचवायची तर जीप आज खपायलाच हवी होती. दोन-तीनदा दाबला की लागतो ब्रेक, शिकेल त्याचा तो, अशी बजरंग मनाची समजूत घालत होता. समजूत काही पटत नव्हती.

आप्पारावांनी वस्तीवरच्या सपाट जागेत एक फेरी मारली. ब्रेक लागला. बजरंगला घाम फुटला होता. व्यवहार ठरला, आणि त्याच्या बायकोनं, उज्ज्वलानं, बॉनेटला हळदकुंकू लावलं.

मग आबा उठले. काठी टेकत गेले आणि जीपमध्ये आप्पारावांच्या शेजारी बसले. विकलेल्या जनावराला शिवेपर्यंत पोचवायला घरातलं मोठं माणूस जातं, ही त्यांच्या घरची रीत. शीव खाली होती. वस्तीवरून रस्ता सरळ उतरत जायचा आणि ओढ्यावरच्या अरुंद पुलापाशी वळायचा.

बजरंग धावत गेला. "आबा, उतरा."

"कावून?"

आप्पारावांनी चावी फिरवली. कधी नव्हे ती जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. बजरंग आबांच्या कानाशी वाकला.

"आबा, पाया पडतो तुमच्या. हिला ब्रेक न्हाई."

"ठावं हाय. हनुमान कालच सांगून गेला," आबा तितक्याच हळू म्हणाले. नजर समोरच्या उतारावर होती. "मला कावून सांगतो? त्येला सांग."